तिसऱ्या ओळीतली काळी पट्टी

१२ जानेवारी १९८७, सोमवार

—स्टोव्हवर दूध तापत होतं. मी खाली बसून ताटात तांदूळ निवडत होते. हे खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होते. बाहेर एवढं धुकं की समोरची क्वार्टर्स गायब. नळ जायच्या आत बादल्या भरायच्या होत्या, उल्हासचा डबा व्हायचा होता, बंबात कोळसे घालायचे होते. मी खडे काढून वाटीत टाकत होते, टप टप. हे तोंडाला साबण तसाच ठेवून म्हणाले, "सुनंदा, तुझी नजर म्हणजे! घारीला चष्मा लागेल एक वेळ, तुला नाही लागायचा." मी हसले, तेवढ्यात दूध उतू गेलं.

एवढीच ती सकाळ. काहीच घडलं नव्हतं. आज दिवसभर तीच आठवते आहे. ह्यांना जाऊन पाच वर्षं होत आली.

घारीला चष्मा लागला. आणि घार खोटंही बोलली.

काल आमची मराठी उपासना होती. इंग्रजी मंडळीचं आटोपलं की महिन्यातून एक दुपार ते चर्च आम्हा दिल्लीतल्या मराठी लोकांना मिळतं. पेटी मीच वाजवते— पायपेटी, जुनी, जड. पूर्वी हे वाजवायचे, मी शेजारी उभी राहून पानं उलटायची. पानं उलटता उलटताच नोटेशन वाचायला शिकले. कोणी शिकवलं नाही. अक्षरंही तशीच शिकले होते, उल्हासच्या संडे स्कूलच्या कार्डांवरून. हे गेल्यावर मंडळी म्हणाली, वहिनी आहेत की!

काल नव्या वर्षाची पहिली उपासना, म्हणून शेवटी उपकाराचं गीत. ते प्रत्येक सणाला असतंच. तिसऱ्या ओळीवर मीनाक्षीचा आवाज वेगळा गेला— अर्धा सूर वर. ती फरीदाबादहून येते, नवीनच आहे, नवरा तिकडे कारखान्यात. नगरच्या मिशन शाळेत गाणं शिकलेली. प्रत्येक कडव्याला तिने तसंच केलं. लोक माना वळवून बघायला लागले. उपासना संपल्यावर विनायकरावांनी तिला सगळ्यांपुढे धरलं. ते गाणाऱ्यांचे प्रमुख, ह्यांचे जुने दोस्त. "मीनाक्षी, सूर सापडत नसेल तर नुसते ओठ हलवत जा. देवाला पोचतं ते." बायका फिस्सकन हसल्या. ती लाल झाली. पण म्हणाली, "पुस्तकात तसंच आहे."

विनायकराव माझ्याकडे वळले. "वहिनी, काय आहे पुस्तकात?"

मी म्हणाले, "मी वाजवते तेच."

मला पुस्तक दिसत नव्हतं! पावसाळ्यापासून दिसत नाही. पाच रेघा एकमेकींत मिसळतात आणि सूर त्यांच्यावर मुंग्यांसारखे फिरतात. सगळं पाठ आहे म्हणून चालतं आहे.

१३ जानेवारी

चर्चमध्ये खोटं बोलले. आणि किती सहज!

२० जानेवारी, मंगळवार

हेमलता आज उन्हात विणत बसली होती. सूनबाई म्हणून वाईट नाही, बोलण्यात मात्र मुळीच सूट देत नाही. मी शेजारी बसून मेथी निवडली. एक गवताची काडी राहिली नाही. म्हणजे जवळचा चष्मा ठीक आहे. बायबल मांडीवर घेऊन वाचते, तेही ठीक. बस लांबून येताना दिसते. ना जवळचं बिघडलं आहे, ना लांबचं. बिघडलं आहे ते मधलं. पेटीवरचं पुस्तक बरोबर त्या मधल्यात बसतं.

पुढे वाकून बघावं, तर पाय भात्यावरून सुटतात आणि पेटीचा श्वास तुटतो. पुस्तक जवळ ओढावं, तर दोन्ही हात पट्ट्यांवर. हे सगळं कोणाला सांगायचं! म्हातारी झाली, म्हणतील. किंवा म्हणतील, हिला कधी नोटेशन येतच नव्हतं, नवऱ्याचं बघून ठोकते. हे दुसरं जास्त लागेल.

ह्यांचं पुस्तक कपाटात आहे. मांडीवर घेतलं तर क्षणात कळेल की मीनाक्षी बरोबर की मी. घेत नाही. हेही लिहून ठेवते.

२५ जानेवारी

घेतलं. मीनाक्षी बरोबर.

तिसरी ओळ, चौथा सूर. त्याच्या आधी शार्पची, सूर अर्धा चढवायची खूण, चांगली ठळक. काळी पट्टी वाजवायला हवी. मी पांढरी वाजवते. नेहमीच वाजवत आले. मी ह्यांच्या बोटांवरून शिकले, म्हणजे हेही पांढरीच वाजवायचे. आणि हे वाजवायचे म्हणून सगळी दिल्लीची मराठी मंडळी तसंच म्हणते.

ह्यांची चूक? ह्यांना तर डोळे होते!

पुस्तक परत कपाटात ठेवलं. कपड्यांखाली ठेवलं. का, मला माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

आज उपासना. मीनाक्षी आली नाही.

सण नव्हता, पण कोणाचा तरी वाढदिवस म्हणून उपकाराचं गीत घेतलंच. म्हटलं, आज काळी वाजवायची. पूर्ण लक्ष त्या एका सुरावर ठेवून बसले. पहिलं कडवं— पांढरी. दुसरं— पांढरी! तिसऱ्याला काळीची वाट बघत राहिले आणि त्या नादात त्याच्या आधीचे दोन सूर सांडले. पान डोळ्यांपुढे असेल तर बोटं पानाचं ऐकतात. पान नसेल तर ती जुन्या वाटेने घरी जातात. माझी बोटं माझी नाहीतच, ह्यांची आहेत.

विनायकराव म्हणाले, "वहिनी, दमलात का? चहा घ्या."

मीनाक्षीचं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उल्हासने ऑफिसातून हाफ डे घेतला आणि मला मार्केटातल्या चष्मेवाल्याकडे नेलं. "आई, काय प्रॉब्लेम आहे नेमका?" म्हटलं, नंबर वाढला असेल. चष्मेवाल्याने विचारलं, "माताजी, किस काम में दिक्कत होती है?" आता बोलायचं की नाही? दुकानात गर्दी. पांढऱ्या केसांची बाई, कपाळाला कुंकू नाही, आणि म्हणायचं मी बाजा वाजवते? मी म्हणाले, "सिलाई में."

शिवणात! मग त्याने सुईएवढी अक्षरं नाकाशी धरली. मी घडाघडा वाचली. त्याने लांबचा तक्ता दाखवला, तोही वाचला बऱ्यापैकी. तो म्हणाला, बायफोकल करून घ्या, जवळ-लांब एकातच, सारखा चष्मा बदलायला नको. उल्हास खूश. मी मान डोलावली.

खोटं एकदा बोललं की पुढचं स्वस्त पडतं.

८ मार्च, रविवार

बायफोकल घालून वाजवलं. फजिती!

भिंगाच्या मधोमध रेघ. रेघेच्या वरून बघितलं तर पान धूसर. खालून बघायचं तर हनुवटी वर करावी लागते, म्हणजे पार कोंबडा आरवतो तशी. तेव्हा कुठे खालच्या भिंगात पान येतं, पण तेही धूसरच. ते भिंग बायबलासाठी, पेटीसाठी नाही. दोन गीतं तशी मान मागे टाकून वाजवली. मानेत कळ आली.

विनायकराव हळूच म्हणाले, "वहिनी, छताला पाल आहे का?" मागच्या रांगेत हसू फुटलं. मीही हसले. मीनाक्षीही त्या दिवशी अशीच हसली असती तर किती सोपं झालं असतं! ती हसली नाही. "पुस्तकात आहे," म्हणाली. ती खरी होती म्हणून तिला हसता आलं नाही. मला आलं.

ती आजही नव्हती.

१४ मार्च, शनिवार

हेमलताला सांगितलं. भांडी घासता घासता एकदम तोंडातून गेलं. पाणी चालू होतं, म्हणून बरं पडलं. सगळं नाही, फक्त डोळ्यांचं.

ती नळ बंद करून माझ्याकडे वळली. "आई, म्हणजे तुम्ही एवढे दिवस आंधळ्यासारखं वाजवत होतात?"

"आंधळ्यासारखं नाही. पाठ आहे."

"और सिलाई बोल दिया दुकान में! अहो, तुम्ही शेवटचं बटण कधी लावलं होतं? ते पण मीच लावते!" मग हसायला लागली. मला राग यायला हवा होता. मोकळं वाटलं.

म्हणाली, "पेटीवर बसल्यावर पान किती लांब असतं?" मी हात पसरून दाखवलं. "असं नाही. चलो, मोजूया."

दुपारी आम्ही दोघी चर्चमध्ये गेलो. चौकीदाराने दार उघडून दिलं. मी पेटीवर बसले, पाय भात्यावर, पाठ सरळ, हात पट्ट्यांवर, अगदी उपासनेत बसते तशी. हेमलताने विणकामातलं निळं लोकरीचं टोक माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरलं आणि दुसरीकडून ताणत पुस्तकाच्या पानापर्यंत नेलं. "हलू नका! नाकात जाईल." तिथे गाठ मारली. घरी येऊन लोकर बायबलाशी लावून बघितली. मी बायबल धरते ते त्या लोकरीच्या निम्म्यावर, जेमतेम.

म्हणजे मी म्हातारी झाले ते झालेच. पण मला कोणी मधलं अंतर विचारलंच नव्हतं. आणि विचारलं तेव्हा मी शिवण सांगितलं.

३० मार्च, सोमवार

पुन्हा तोच चष्मेवाला. ह्या खेपेला हेमलता बरोबर. पुस्तक पिशवीत, लोकर पदराच्या गाठीत.

मी लोकर काउंटरवर ठेवली. तो बघतच राहिला. "ये क्या है माताजी? स्वेटर का दुकान साथ में है."

मी म्हणाले, "मैं चर्च में बाजा बजाती हूँ. किताब इतनी दूर रहती है."

झालं बोलून! दुकानात कोणीच वळून बघितलं नाही. एक सरदारजी आपल्या फ्रेमा आरशात बघत होते, ते बघतच राहिले. एवढ्यासाठी मी तोंड शिवून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "इतनी दूर का चश्मा कोई नहीं बनवाता. या पास का बनता है, या दूर का." हेमलता म्हणाली, "तो आज बना दीजिए ना भैया, पहला!" तो हसला. त्याने ती तपासायची लोखंडी चौकट माझ्या नाकावर चढवली. हेमलताने लोकरीचं एक टोक माझ्या कानापाशी धरलं, दुसऱ्या टोकाला पुस्तक उघडं धरून मागे सरकली— दुकान एवढं चिंचोळं की थेट पायरीवर! रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. तो भिंगं बदलत गेला. "अब? अब बेहतर या पहले?" एक बसवलं आणि रेघा सुट्या झाल्या. पाच वेगळ्या रेघा. मुंग्या थांबल्या.

नंबर जवळच्या चष्म्यापेक्षा कमी निघाला. मी समजत होते वाढला असेल!

एकच भिंग, रेघ नाही, काच जरा मोठी, म्हणजे पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मान न वळवता दिसेल. हा घालून रस्ता ओलांडायचा नाही, बायबल वाचायचं नाही, असं त्याने दोनदा बजावलं. फक्त पेटी.

येताना हेमलताने कुल्फी घेतली. मला पण.

५ एप्रिल, रविवार

चष्मा मिळाला. चर्चमध्ये जाऊन एकटीने वाजवलं. पान दिसतं. सगळं दिसतं! तिसऱ्या ओळीतली ती शार्पची खूणसुद्धा. तिच्याकडे बघितलं की बोट आपोआप काळीवर जातं. पहिल्यांदा काळी वाजली तेव्हा मी थांबले. गीत एकदम दुसरंच वाटलं. दुःखातून वर बघितल्यासारखं. एवढी वर्षं ह्या जागी सपाट रस्ता होता.

आनंद व्हायला हवा होता. मीनाक्षीचा लाल झालेला चेहरा दिसला.

११ एप्रिल, शनिवार

फरीदाबादला जाऊन आले. दोन बसा बदलाव्या लागतात. मीनाक्षी कपडे वाळत घालत होती. मला बघून चिमटे तोंडातच राहिले. मग खुर्ची पुसली, चहा टाकला.

मी फार विचार करून वाक्यं जुळवली होती. सगळी विसरले. म्हटलं, "तू म्हणालीस तेच पुस्तकात आहे. मला त्या दिवशी दिसत नव्हतं."

ती म्हणाली, "माहीत आहे, काकू."

"काय माहीत आहे?"

"मी तुमच्या मागेच उभी होते ना. तुमच्यापुढे पान दुसऱ्याच गीताचं उघडं होतं."

मला जमिनीत जावंसं वाटलं. दुसऱ्याच गीताचं! आणि मी त्या पानाकडे बघून, मान डोलावून वाजवत होते.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मग सगळे तुम्हाला हसले असते." तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. "पण राग आला होता बरं का. 'मी वाजवते तेच!' जसं काही पुस्तक तुमच्याकडून शिकलंय. माझ्या नगरच्या बाई असत्या तर छडी मारली असती."

"मला?"

"नाहीतर कोणाला!"

दोघी थोड्या हसलो. पुरतं नाही. मी म्हटलं, ईस्टरला ये, उपकाराचं गीत आहे. ती म्हणाली, "बघू. ह्यांची शिफ्ट असते." मग दारापर्यंत आली. "काकू, तुम्ही एकटीलाच सांगितलंत ना मला? चर्चमध्ये सगळ्यांसमोर झालं होतं."

बसमध्ये सगळ्या वाटेने तेच. सगळ्यांसमोर झालं होतं. मी तिच्या स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

१८ एप्रिल, शनिवार

आज सराव. सगळे गेल्यावर विनायकरावांना थांबवलं. पुस्तक दाखवायची गरजच पडली नाही. तिसऱ्या ओळीला काळी हवी, एवढं म्हटलं, आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"अरे हो! वहिनी, ती काळी पट्टी तेव्हा मुकी होती. आठवत नाही? आम्ही इथे नवीन आलो तेव्हा. हवा जायची, सूर नाही निघायचा. तेव्हा शांताराम वाजवायचा, त्याने शेजारची पांढरी धरली. म्हणाला, देवाला तेवढं चालेल. पुढे पेटी दुरुस्त झाली. तोवर सगळ्यांच्या तोंडी तेच बसलेलं."

मुकी होती! म्हणजे हे चुकले नव्हते. पट्टीच बोलत नव्हती, ह्यांनी वाट काढली. मी तेव्हा उल्हासला घेऊन मागच्या बाकावर बसायची. पानं उलटायला उभी राहिले ते नंतर, तेव्हा पांढरीच चालू होती. मला रडू आलं. विनायकरावांना वाटलं, आठवणीने.

मी म्हटलं, "मग मीनाक्षी बरोबर होती."

"असेल. पण वहिनी, आता शंभर माणसं तसंच म्हणतात. उद्या ईस्टर. एक सूर बदलाल आणि सगळा गोंधळ. आणि खरं सांगू? शांतारामचं आपल्यात आता तेवढंच राहिलंय. राहू द्या की."

हे मात्र खरं. बाकावर ह्यांचं नाव नाही, भिंतीवर पाटी नाही. शंभर माणसं तोंड उघडतात आणि त्या एका जागी हे असतात. आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीतही नाही. मी काळी वाजवली तर ह्यांना तिथून मीच काढायचं.

"आणि त्या पोरीचं मी बघतो," विनायकराव म्हणाले. "समजावतो. एवढं काय मनाला लावून घ्यायचं!"

काय समजावणार? ती बरोबर आहे, हे? की ओठ हलवायचं?

"मग ठरलं? पांढरी?"

मी हो म्हणाले.

१९ एप्रिल, ईस्टर

तिसऱ्या ओळीला काळी वाजवली. चारही कडव्यांना. मंडळी पांढरीच म्हणत राहिली. मीनाक्षी आली नव्हती.

उपासना संपल्यावर विनायकराव सगळ्यांसमोर पेटीपाशी आले. "वहिनी, नवा चष्मा परत करा. दिसत नाही अजून तुम्हाला." मी म्हटलं, "दिसतं. जानेवारीत दिसत नव्हतं. तेव्हा मीनाक्षी बरोबर होती, आणि मी न बघता बोलले."  पुस्तक उचलून ते पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आपला चष्मा कपाळावर सरकवला. पुस्तक लांब धरलं. आणखी लांब धरलं. हात संपला. पान तसंच धरून उभे राहिले.

मी माझा चष्मा काढून त्यांना दिला.